मंडईतल्या आजी आणि क्लबमधले काका

प्रिय सातारकर ताई,

नाव छापू नका असं तुम्ही लिहिलंत, म्हणून वाचकांना कळायला हवं तेवढंच सांगते. तुम्ही ५१ वर्षांच्या, पतसंस्थेत नोकरी करता. मुलगा कामासाठी परदेशी गेला, त्याचा निकॉन डी३२०० कॅमेरा कपाटात पडून होता. मागच्या पावसाळ्यात तुम्ही तो हातात घेतलात आणि मग तो खाली ठेववेना. एका सहकाऱ्याने तुम्हाला गावातल्या हौशी छायाचित्रकारांच्या क्लबमध्ये नेलं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये बैठक असते आणि पडद्यावर एकेकाचा फोटो दाखवून चर्चा होते. तुमचा मंडईतल्या भाजीवाल्या आजींचा फोटो आला, तेव्हा मोठ्या लेन्सने पक्ष्यांचे फोटो काढणारे एक ज्येष्ठ काका म्हणाले, "हा फोटो नाही, स्नॅप आहे. पुढचा घ्या." स्नॅप म्हणजे फार विचार न करता सहज टिपलेला. दोघे-तिघे हसले. हॉलमध्ये तुम्ही एकट्याच बाई होतात. त्यानंतर तुम्ही तिकडे फिरकला नाहीत. यजमान म्हणतात, हौसच आहे तर मोबाइलवर भागव. आणि तुम्ही विचारता: परत जाऊ का, मोठी लेन्स घ्यावी लागेल का, या वयात हे जमेल का?

परत जा. का जायचं आणि कसं जायचं, ते जरा सविस्तर सांगते.

आधी त्या गृहस्थांबद्दल. ते चुकलेच. फोटोत काय कमी आहे, ती का खटकते आणि काय केलं असतं तर बरं झालं असतं, यातलं काहीही न सांगता "पुढचा घ्या" म्हणणं म्हणजे चर्चा नव्हे. नव्या माणसासमोर तर नव्हेच. तुम्हाला वाईट वाटलं ते रास्त आहे. पण तुम्ही पत्रासोबत तो फोटो पाठवलात हे फार चांगलं केलंत. मी तो बराच वेळ पाहिला आणि त्यांनी जे सांगायला हवं होतं, ते मी सांगून पाहते.

आजी मेथीच्या जुड्यांमागे बसल्या आहेत. तुम्ही उभ्या राहून, वरून फोटो काढलात. त्यामुळे आजी लहान दिसतात आणि फोटोत सगळ्यात जास्त जागा जमिनीला मिळते. त्यांच्या डोक्यामागे अर्धा टेम्पो आलाय आणि विजेचा खांब थेट अंबाड्यातून उगवल्यासारखा दिसतो. वर पिवळी ताडपत्री आहे, तिचा रंग चेहऱ्यावर उतरलाय. आणि डाव्या कडेला, फ्रेमने अर्धवट तोडलेला त्यांचा हात आहे. त्या हातात सुटे पैसे आहेत, अंगठ्याने त्या ते मोजतायत. ताई, तुमचा फोटो तो हात आहे. तुम्हाला तो दिसला होता, म्हणूनच तुम्ही बटण दाबलंत, अशी माझी खात्री आहे. फक्त दाबताना डोळा चेहऱ्यावर गेला.

पुढच्या वेळी आजींसमोर खाली बसा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर या. खांब आपोआप सरकेल, नाही सरकला तर तुम्ही वीतभर सरका. दोन पावलं जवळ जा. हात आणि चेहरा दोन्ही पूर्ण येतील एवढंच घ्या, बाकीची मंडई सोडून द्या. ताडपत्रीचा पिवळेपणा घालवायचा असेल, तर फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काही बदल न करता साठवलेल्या कच्च्या स्वरूपात काढा, म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता येतो. नाहीतर सरळ कृष्णधवल करून पाहा. सुरकुत्या, नाणी आणि मेथीची पानं यांना रंगाची फारशी गरजही नाही.

अशी चर्चा ऐकायला मिळावी म्हणून क्लबमध्ये जायचं असतं. कॅमेऱ्याची बटणं पुस्तकातून, व्हिडिओतून कळतात. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला की "अप्रतिम" आणि फुलांचे गुच्छ येतात, त्यातून काही शिकता येत नाही. आपल्या फोटोत परक्या माणसाला काय दिसलं आणि काय दिसलंच नाही, हे कळायला परकी माणसंच लागतात. आणि दर महिन्याला काहीतरी दाखवायचंय म्हटल्यावर माणूस कॅमेरा घेऊन घराबाहेर पडतो, हा फायदाही थोडा नाही.

हौशी लोकांनी असं एकत्र येणं आपल्याकडे फार जुनं आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, लंडनच्या सोसायटीनंतर अवघ्या एका वर्षाने. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक होते. व्यवसाय वैद्यकीचा, नाद कॅमेऱ्याचा. काचेवर रसायन ओतून, ती ओली असतानाच फोटो काढायचे ते दिवस होते. त्या काळातही या लोकांना एकमेकांचे फोटो बघायला जमावंसं वाटत होतं. तुम्ही त्याच परंपरेतल्या आहात, पतसंस्थेची नोकरी सांभाळून.

आता परत कसं जायचं. बैठकीच्या अर्धा तास आधी पोचा. खुर्च्या मांडणारे, प्रोजेक्टरची वायर शोधणारे जे दोघे-तिघे असतात, क्लब खरा त्यांच्या जिवावर चालतो. त्यांच्याशी ओळख करून घ्या, खुर्च्यांना हात लावा. कोऱ्या चेहऱ्यांसमोर फोटो दाखवणं आणि ओळखीच्या माणसांसमोर दाखवणं यात खूप फरक पडतो. फोटो एकच न्या, आणि त्याच्याबरोबर एक प्रश्न न्या. "कसा वाटला?" असं विचारू नका, त्याला उत्तर "छान" किंवा "स्नॅप" एवढंच येतं. "मला इथे हात दाखवायचा होता, तो पुरेसा दिसतोय का?" असं विचारा. असा नेमका प्रश्न आला की वाकडं बोलणाऱ्यालाही फोटोकडे नीट बघावं लागतं. तरीही कोणी झटकून टाकलं, तर शांतपणे विचारा, "नेमकं काय बदलू?" उत्तर मिळालं तर वहीत लिहा. नाही मिळालं तर बाकीच्यांनाही कळेल की सांगणाऱ्याकडेच काही नव्हतं.

दुसऱ्यांचे फोटो पडद्यावर असताना मनातल्या मनात एक खेळ खेळा. हा माणूस कुठे उभा होता, उजेड कुठून येत होता आणि याने काय वगळलं? तुम्ही एकही फोटो दाखवला नाहीत तरी एवढ्यावर ती बैठक कारणी लागेल.

त्या मोठ्या लेन्सवाल्या काकांनाही एकदा गाठा. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे विलक्षण चिकाटी असते. एका खंड्यासाठी ही माणसं तास-तास हलत नाहीत. त्यांचा फोटो आवडला तर तो कसा मिळाला, ते विचारा. बोलणं फटकळ असलेली कितीतरी माणसं शिकवायला लागली की हातचं राखत नाहीत. पण चार-पाच बैठकींनंतरही तिथे नव्या माणसाला हसणंच चालू असेल, तर खुशाल सोडा. त्यातलेच तीन-चार सुजाण लोक हेरा आणि महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी प्रिंट घेऊन बसा.

एकट्या बाई असण्याचं अवघडलेपण मी हलकं समजत नाही. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या पतीच्या, माणेकशांच्या नावाने छापून यायचे. पुढे दिल्लीत साडी नेसून, जडशीळ कॅमेरा घेऊन त्या पुरुषांच्या घोळक्यात उभ्या राहिल्या आणि स्वातंत्र्याच्या आसपासचा काळ त्यांनी टिपून ठेवला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. तुम्हाला एवढं सगळं करायचं नाही हे मला माहीत आहे. सांगायचं एवढंच की बाई म्हणून काही दारं तुम्हाला जास्त सहज उघडतात. मंडईतल्या आजी त्या काकांसमोर पदर सावरून ताठ बसल्या असत्या, तुमच्यासमोर पैसे मोजत राहिल्या. तुमच्या पतसंस्थेतही एखादी अशी असेलच जिला फोटो काढायला आवडतात. पुढच्या बैठकीला तिला सोबत न्या.

लेन्स घेऊ नका. तुमच्याकडे १८-५५ आणि ५५-२०० मिलिमीटर अशा दोन आहेत (आकडा जितका मोठा तितकं दृश्य जवळ येतं), त्या पुष्कळ झाल्या. १८-५५ वरचा आकडा ३५ च्या जवळ ठेवा. त्या कॅमेऱ्यावर आपल्या डोळ्यांना नेहमी दिसतं त्याच्या जवळपासचं दृश्य तिथे मिळतं. माणसाच्या अगदी जवळ जाऊन १८ वर फोटो काढला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात, ते टळेल. डायल 'ए' वर ठेवा, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते तुम्ही ठरवता आणि शटरची गती कॅमेरा ठरवतो. मेनूमध्ये ऑटो आयएसओ चालू करा, म्हणजे उजेड कमी असेल तसा कॅमेरा स्वतःच जास्त संवेदनशील होतो; कमाल १६०० आणि शटरची किमान गती १/१२५ सेकंद ठेवा, म्हणजे हलत्या हाताचा फोटो बराचसा स्थिर येईल. काही महिने एवढ्यावर राहा. वर्षभराने सकाळच्या अंधुक उजेडात अडतंय असं खरंच वाटलं, तर ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ १.८ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी छोटी लेन्स बघा. फक्त ती मोटर असलेली, एएफ-एस प्रकारची हवी, कारण तुमच्या कॅमेऱ्याच्या आत फोकसची मोटर नाही. जुनी लेन्स स्वस्तात मिळते म्हणून कोणी गळ्यात मारेल आणि मग फोकस हाताने फिरवत बसावं लागेल.

त्याहून तातडीचं काम वेगळंच आहे. कॅमेरा काही वर्षं कपाटात होता असं तुम्ही लिहिलंय, आणि साताऱ्याचा पावसाळा आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही लेन्स काढा, एका बाजूने मोबाइलची बॅटरी मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. वरून पुसून जात नाही, ती लेन्स दुरुस्तीवाल्याकडे न्यावी लागते आणि दुसरीपासून लांब ठेवावी लागते. काही नसेल तर उत्तम, पण आजपासून कॅमेरा बॅगेत ठेवू नका, बॅगेच्या कापडात ओल धरते. रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्यांचा रंग बदलला की गरम करून वाळवून पुन्हा ठेवा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कॅमेरा वापरत राहणं.

वयाचं विचारलंत. गुडघ्यांची काळजी घ्या, मंडईत बसायला छोटा पाट किंवा घडीचं स्टूल न्या. बाकी वयाचा यात काही संबंध मला दिसत नाही. उलट त्या आजींच्या शेजारी अर्धा तास निवांत बसण्याचा धीर विशीतल्या मुलात क्वचित असतो.

यजमानांचं म्हणणं थोडं बरोबर आहे, मोबाइलवरही उत्तम फोटो येतात आणि कॅमेरा जवळ नसेल तेव्हा तुम्ही तो जरूर वापरा. पण मला वाटतं, त्यांना कॅमेऱ्याचं वावडं नसून रविवारच्या सकाळची काळजी आहे. तेव्हा फोटोची थोरवी पटवत बसू नका, सरळ वेळ मागून घ्या. महिन्यातली एक बैठक आणि आठवड्यातली एक सकाळ, साडेसहा ते आठ. नाश्त्याचं त्या दिवशी त्यांनी बघायचं. हे एकदा स्पष्ट ठरलं की रोजची कुरबुर बरीच कमी होते.

आणि ती सकाळ कुठे घालवायची? मंडईतच. तुम्ही कासचे, अजिंक्यताऱ्याचे फोटो काढायला हवेत का असं विचारलंय. काढा की, पण तुमचा विषय तुम्हाला सापडलेला आहे. वर्षभर एकच मंडई धरा. पहाटेचे टेम्पो, जुड्या बांधणारे हात, पावसातल्या ताडपत्र्या, संक्रांतीच्या आधीचे हरभरे आणि बोरं, दुपारची सामसूम. कधी बदल हवा असेल तर संगम माहुलीला जा, सकाळच्या उन्हात विश्वेश्वराच्या देवळाचा दगड आणि घाटाच्या पायऱ्या बघत बसा. पण परत मंडईत या. एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय कुठला उजेड कधी येतो आणि कोण कधी हसतं हे कळत नाही.

आजींना विचारून फोटो काढा. आधी काढला असेल तर आता जाऊन दाखवा, आणि एक चांगली प्रिंट त्यांना द्या. क्लबमध्ये तो फोटो पुन्हा पडद्यावर जाण्याआधी त्यांच्या हातात पडायला हवा, असं मला मनापासून वाटतं. त्यांना नको असेल तर दाखवू नका.

स्पर्धा आणि सलोन (निवडक फोटोंची स्पर्धात्मक प्रदर्शनं) यांच्या मागे पहिलं वर्षभर तरी लागू नका. प्रवेश शुल्क भरून बक्षिसासाठी फोटो काढायची सवय लागली की माणूस परीक्षकांना काय आवडतं तेच काढायला लागतो.

क्लबचं कासचं आउटिंग ठरेल तेव्हा मात्र चुकवू नका. साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे तेरडा, गेंद, सीतेची आसवं फुललेली असतात. पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि हंगामात प्रवेशावर मर्यादा असते, म्हणून बुकिंग क्लबमधून कोण करतंय ते आधीच विचारा. गाडीत कोण आहे, किती वाजता निघायचं, परत कधी यायचं, हे घरी आणि मैत्रिणीला कळवून ठेवा. ५५-२०० न्या. ती लेन्स असली की पायवाटेवरूनच फुलांचे फोटो मिळतात, आत शिरून गुडघे टेकायची आणि चार फुलं चिरडायची गरज पडत नाही. कोणी आत शिरत असेल, अगदी ते ज्येष्ठ काका असले तरी, त्यांना थांबायला सांगा.

तुमची,
ताई