काँक्रीटच्या पायवाटेवर अ‍ॅसिड नको
शेवाळ दिसलं की अ‍ॅसिड ओतायचा मोह होतो, तो आवराच. अ‍ॅसिड शेवाळाबरोबर वरचा सिमेंटचा थरही खातं. खडी उघडी पडते आणि त्या खरबरीत खाचांत शेवाळ पुन्हा जोमाने धरतं. माझी अर्धी वाट अशीच गेली, अजून हळहळ वाटते. आधी वाट भिजवा, साबणाचं पाणी टाका, 10 मिनिटं थांबा आणि कडक नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेच्या ब्रशचे बारीक तुकडे अडकून गंजतात, तांबूस डाग उठतात. प्रेशर वॉशर असेल तर पसरट फवारा, फूटभर अंतरावरून. तेल सांडलं तर पुसू नका, पसरतं. लगेच लाकडाचा भुसा टाका. वाट नवी असेल तर सीलर, म्हणजे पाणी आणि डाग आत मुरू न देणारा लेप, 28 दिवसांनंतरच लावा. आणि भेगा पावसाआधी भरा.