बहिष्काराचा ठराव मांडण्याआधी: नेमकं काय मागताय ते लिहा

देवगडच्या एका सदस्याने विचारलंय ते थोडक्यात असं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क पन्नास टक्क्यांवर नेलं, कोळंबीवाल्यांना त्याचा फटका बसला, आणि आता त्यांच्या गावातल्या मंडळापुढे अमेरिकन माल न घेण्याचा ठराव येतोय. एक देश दुसऱ्याची अशी कोंडी करतो तेव्हा त्याचा खरा हेतू काय असतो, आणि त्यातून आजवर कुणाचं काही साधलंय का? माझी उमेदीची वर्षं रत्नागिरीत कोळंबीच्या निर्यातीची कागदपत्रं तयार करण्यात गेली, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही. उत्तर लांबेल.

सुरुवात आपल्याच धक्क्यावरून करतो. समुद्रात पकडलेली भारतीय कोळंबी अमेरिकेने २०१८ पासून बंद केली. कारण कासव. ज्या देशाच्या ट्रॉलरच्या जाळ्यात कासव सुटायची सोय नाही, त्या देशाची समुद्रातली कोळंबी घ्यायची नाही, असा तिकडे १९८९ चा कायदा आहे. ही सोय म्हणजे काही मोठं यंत्र नाही. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीआधी सळ्यांची एक तिरकी चौकट शिवतात. कोळंबी फटींतून मागे पिशवीत जाते, कासव सळ्यांवर अडतं आणि बाजूच्या झडपेतून बाहेर पडतं. तिला टेड म्हणतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींना जमेल असा नमुनाही केलाय. तांडेलांची, म्हणजे बोट चालवणाऱ्यांची, तक्रार अशी की झडपेतून कासवाबरोबर मोठी मासळीही जाते. डिझेलचा खर्च बघितला तर ही तक्रार उडवून लावण्यासारखी नाही.

आता कागदावर काय होतं ते सांगतो. अमेरिकेला जाणाऱ्या कोळंबीच्या प्रत्येक खेपेबरोबर डीएस-२०३१ नावाचा फॉर्म जातो. माल तळ्यात वाढवलेला आहे, की टेड लावून पकडलेला, की कासवाला धोका नाही अशा आणखी कुठल्या पद्धतीचा, तिथे खूण करायची. आंध्रातली तळ्यातली व्हेनामी जातीची कोळंबी पहिल्याच खुणेवर पार होते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरमधून उतरलेली कोळंबी अडकते. म्हणजे बंदी कागदावर भारतावर, पण भार ट्रॉलरवाल्यांवर. २०२३-२४ मध्ये भारताची एकूण मासळी निर्यात ७.३८ अब्ज डॉलरची होती, तिच्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा अमेरिकेचा आणि त्यातही बहुतेक तळ्यातली कोळंबी. दिल्लीला ही बंदी उठवण्याची घाई का वाटली नाही, ते माझ्या मते या आकड्यांवरूनच कळतं.

आणि हेतू? कासवांची कळकळ खोटी नव्हती. तिकडच्या निसर्गप्रेमी संस्था कोर्टात भांडल्या म्हणून तो कायदा जगभर लागू झाला. पण मेक्सिकोच्या आखातातल्या अमेरिकन कोळंबीवाल्यांवर टेडची सक्ती आधीच झाली होती. आम्हाला सक्ती आणि परदेशी माल मोकळा, हे कसं, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही हेतू एकाच कायद्यात मावले. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. १९९८ चा निकाल मला आजही शहाणपणाचा वाटतो. कासव वाचवण्याचा उद्देश योग्य, पण कॅरिबियन देशांना तीन वर्षांची मुदत आणि आशियाई देशांना चार महिने, हा भेदभाव आहे, असं संघटनेने सांगितलं.

हेतू शंभर टक्के शुद्ध किंवा शंभर टक्के मतलबी असा क्वचितच असतो. म्हणून मी आधी बघतो की मागणी काय आहे आणि ती पुरी करणं समोरच्याच्या हातात आहे का. टेडची मागणी पुरी करता येते. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ज्या कासवांची अंडी लोक रात्र रात्र राखतात, तीच कासवं वाचवायची आहेत. ही मागणी मला रास्त वाटते, जरी तिने आमच्या धंद्याला त्रास दिला तरी.

आता उलट उदाहरण. मे १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या. अमेरिकन कायद्याप्रमाणे निर्बंध लागणं अटळ होतं, क्लिंटन यांना त्यात फारशी निवड नव्हती. जपाननेही नवं अर्थसाहाय्य थांबवलं. मागणी काय होती? अण्वस्त्रांचा मार्ग सोडा, चाचणीबंदी करारावर सही करा. ही मागणी मान्य करून कुठलंही भारतीय सरकार टिकलं नसतं. स्टेट बँकेने परदेशस्थ भारतीयांसाठी रोखे काढले आणि त्याच ऑगस्टमध्ये सव्वाचार अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम गोळा झाली. भारताचे जसवंतसिंह आणि अमेरिकेचे स्ट्रोब टॅलबॉट यांच्या वाटाघाटींच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, सही काही झाली नाही. सप्टेंबर २००१ मध्ये निर्बंध उठले ते अमेरिकेला दहशतवादाविरुद्ध सोबती हवे होते म्हणून. यातली एक गोष्ट मी कधी विसरत नाही. पाकिस्तानने चाचण्या केल्यावर त्याच्यावरही तेच निर्बंध आले. पाकिस्तान हे अमेरिकन गव्हाचं मोठं गिऱ्हाईक. शेतकऱ्यांचा माल अडकणार म्हटल्यावर अमेरिकन संसदेने जुलै संपायच्या आतच शेतमालाच्या कर्जाला सूट दिली. आपल्या माणसांचं पोट दुखायला लागलं की तत्त्व किती दिवस टिकतं, ते तिथे दिसलं.

रायगडात, रत्नागिरीत गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकल्याचे प्रकार आपण जवळून ऐकलेत. २०१६ मध्ये राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला, इतके ते छळाचे होते. तिथे माणूस मोडतो, कारण दुकान एक, पाणवठा एक, आणि सगळ्यांनी मिळून पाठ फिरवलेली. देशांचं तसं होत नाही. दुसरं दुकान बहुतेक वेळा उघडं असतं. २०१० मध्ये चीन सरकारचे टीकाकार ल्यू शाओबो यांना शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा चीनने नॉर्वेच्या साल्मन माशावर राग काढला. नोबेल समिती सरकारच्या हुकमातली नाही, त्यामुळे नॉर्वे सरकार पुरस्कार मागे घेऊच शकत नव्हतं. चीनच्या बाजारातला नॉर्वेचा वाटा घसरला, पण नॉर्वेची व्हिएतनामला जाणारी साल्मन एकाएकी वाढली आणि तिथून बरीचशी चीनला पोचली. तरीही चीनला काहीच मिळालं नाही असं म्हणता येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये संबंध सुरळीत झाले तेव्हा चीनच्या मूळ हितसंबंधांना बाधा येईल असं काही करणार नाही, असं नॉर्वेने लिहून दिलं. ऑस्ट्रेलियाच्या शेवंडीचं (लॉबस्टरचं) तर जवळजवळ सगळं गिऱ्हाईकच चीन होतं. २०२० मध्ये ते दार बंद झालं आणि उघडायला २०२४ संपत आलं. त्यांच्या बार्लीला सौदी अरेबियासारखं दुसरं गिऱ्हाईक सापडलं, जिवंत शेवंडीला तितकं सहज नाही. एकाच गिऱ्हाइकावर धंदा उभा करणाऱ्या आपल्या निर्यातदारांनी हे नीट वाचावं.

बहिष्कार यशस्वी झाल्याचं उदाहरण म्हणून सगळे वर्णभेदी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेचं नाव घेतात. ते घ्यावंच, पण पूर्ण घ्यावं. भारताने तिच्याशी व्यापार तोडला १९४६ मध्ये, सगळ्यांच्या आधी, स्वतः पुरता स्वतंत्र व्हायच्याही आधी. १९५९ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांचे नेते अल्बर्ट लुथुली यांनी बाहेरच्या जगाला बहिष्काराचं आवाहन केलं. आमच्या लोकांना यातून त्रास होईल, पण तो आम्ही सोसू, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांना झळ बसणार तेच बहिष्कार मागत होते, आणि माझ्या लेखी यात सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मग पुढे इतकी वर्षं का लागली? कारण सोनं, हिरे, कोळसा घेणारे बडे देश घेतच राहिले. १९८४ मध्ये डब्लिनच्या एका दुकानात मेरी मॅनिंग या मुलीने गल्ल्यावर आलेली दक्षिण आफ्रिकेची ग्रेपफ्रुट विकायला नकार दिला. तिला निलंबित केलं, सहकारी संपावर गेले, संप जवळजवळ तीन वर्षं चालला आणि १९८७ मध्ये आयर्लंडने तिथली फळं-भाजी बंद केली. आंबेवाल्या गावाला ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पण तिथल्या सरकारचे गुडघे टेकवले ते बँकांनी. जुलै १९८५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि चेस मॅनहॅटनने अल्पमुदतीची कर्जं पुढे चालवायला नकार दिला. इतर बँका मागोमाग. तिथलं चलन रँड कोसळलं, सरकारला शेअर बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला, परतफेड थांबवावी लागली. चेसने हे नीतीच्या ओढीने केलं असं मी म्हणणार नाही. त्यांना पैसे बुडण्याची भीती वाटली. ती भीती मात्र कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधल्या उठावाने आणि बाहेरच्या चळवळीने निर्माण केली होती. फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले.

याच्या शेजारी इराक ठेवा. कुवेतवरच्या आक्रमणानंतर, ऑगस्ट १९९० मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी त्याच्याशी जवळजवळ संपूर्ण व्यापार बंद केला. तिथल्या लोकांनी ते मागितलं नव्हतं. औषधं, पाणी शुद्ध करायची साधनं, सगळ्याची टंचाई झाली. सद्दाम जागेवर राहिले आणि रेशन त्यांच्याच सरकारच्या हातून मिळत असल्यामुळे लोक उलट जास्तच बांधले गेले. मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये याच कारणावरून राजीनामा दिला. अशा कोंडीला मी कधीच पाठिंबा देणार नाही.

किती वेळा जमतं याचा आकडा हवा असेल तर हफबॉअर, शॉट आणि इलियट या अभ्यासकांनी पहिल्या महायुद्धापासूनची प्रकरणं तपासून साधारण तिनातलं एक यशस्वी धरलं. रॉबर्ट पेप या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने त्यातली चाळीस यशस्वी प्रकरणं पुन्हा तपासली आणि खरी पाचच मानली. बाकी ठिकाणी युद्ध किंवा दुसरंच काही कारण होतं, असं त्यांचं मत. माझा कल पेपकडे आहे.

आपल्याकडचं म्हणाल तर रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी बहिष्काराला चतुःसूत्रीत स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला बसवलं, ते विचारपूर्वक. कापड नको म्हणताना गिरण्या उभ्या होत्या, मागणी स्पष्ट होती, आणि १९११ मध्ये बंगालची फाळणी रद्द झाली. २०२० मध्ये गलवाननंतर चिनी मालाच्या होळ्या झाल्या. चीनकडून आयात २०२०-२१ मध्ये सुमारे ६५ अब्ज डॉलर होती, २०२४-२५ मध्ये ११३ अब्ज. ज्या धक्क्यावर घोषणा झाल्या तिथल्याच बोटींत चिनी इंजिनं आहेत, आणि ती काढून टाका असं मी कुणा बोटमालकाला सांगणार नाही, कारण त्या किमतीत दुसरं मिळत नाही. तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून तिथली सफरचंदं मे २०२५ मध्ये पुण्याच्या व्यापाऱ्यांनी बंद केली, ते सोपं होतं; पर्याय हजर होता. मालदीवला जाणारे भारतीय २०२३ मध्ये दोन लाखांच्या वर होते, बहिष्काराच्या हाकेनंतर २०२४ मध्ये सव्वा-दीड लाखाच्या आसपास आले. तिथले राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू त्याच ऑक्टोबरमध्ये दिल्लीला आले, पण त्यांना ओढून आणलं कर्जाच्या ओझ्याने, आणि आपल्या सरकारने दार बंद केलं नव्हतं, चलनाची मदत देऊ केली.

आता तुमचा ठराव. २०२४-२५ मध्ये आपण अमेरिकेला ८६ अब्ज डॉलरचा माल विकला आणि ४५ अब्जांचा घेतला. मालाच्या व्यवहारात आपलं अडतं ते त्यांच्यापेक्षा जास्त. जादा शुल्काचं कारण रशियन तेल असं सांगितलं गेलं. चीन आपल्याहून जास्त तेल घेत होता आणि त्याच्यावर हा जादा भार पडला नाही, तेव्हा तुमचा राग अगदी योग्य आहे. पण देवगडात थंड पेयाची बाटली नाकारल्याने तिकडे शुल्क ठरवणाऱ्याला झळ लागत नाही. ती बाटली इथेच भरली जाते आणि पहिला तोटा एसटी स्टँडवरच्या टपरीवाल्याला होतो. त्याला विचारलंय का?

मंडळाने ठराव करायचाच तर तो असा करावा असं मला वाटतं: कोणत्या वस्तू, कोणत्या मागणीसाठी, मागणी पुरी झाली हे कशावरून ठरणार आणि तोवर कुणाचं नुकसान कोण भरून देणार. दुसरा ठराव त्याच सभेत मांडा, तालुक्यातल्या ट्रॉलरना टेड बसवायला राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे अनुदान मागण्याचा. झडपेतून नेमकी किती मासळी जाते हे एका हंगामात दोन बोटींवर मोजून घ्या, म्हणजे तांडेलांशी बोलताना हातात काहीतरी असेल. मसुदा इथे टाकलात तर मी वाचून दुरुस्त्या सुचवीन.