वाळत ठेवलेली चित्रं

“मी काही तडीसच नेत नाही हो.” समुपदेशन करताना, घरीच स्टुडिओ थाटून काम करणाऱ्या कलाकारांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की एकीची गोष्ट सांगतेच. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

या बाई कोरड्या दिवसांत तेलरंगात रंगवायच्या. हवा दमट आणि गार झाली की लिनोकटकडे, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापायच्या चित्रांकडे, वळायच्या. दरवर्षी ब्रश धुऊन ठेवताना मन खायचं. ‘धरसोड वृत्ती’ हा घरच्यांनी लहानपणी मारलेला शिक्का त्यांनी इमानेइतबारे जपला होता.

तिसऱ्या भेटीत विचारलं, “अर्धी चित्रं असतात कुठे?”

“भिंतीकडे तोंड करून.”

“धूळ बसते म्हणून?”

“नाही... माझ्याकडे बघतात.”

“आणि तेलरंग थांबवता ते कंटाळून?”

“छे! वाळतच नाहीत त्या हवेत. पांढऱ्याला आठवड्यानं बोट लावलं तरी चिकटतं. खिडक्या बंद, टर्पेंटाइनचा वास कोंडतो. लिनो कोरायला हवेची अडचण नाही.” मग त्यांनी मलाच शिकवलं: तेलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घट्ट होतो, खालचा थर ओला असताना घाई केली तर पुढे तडे जातात. इतक्या खणखणीत आवाजात त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

मी एवढंच म्हटलं, “म्हणजे चित्र सोडलेलं नाही. वाळत ठेवलंय.”

त्या गप्प. अशा शांततेत आपण तोंड उघडायचं नसतं, हे मी उशिरा शिकले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “आणि मी वर्षानुवर्षं ‘सोडलं’ म्हणतेय.”

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या, त्रासामागचा हट्टी विचार तपासणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा भरवसा आहे तो यासाठीच. काम थांबल्याचा त्रास थोडाच; ‘सुरू केलं ते संपवलंच पाहिजे’ यातला ‘च’ जास्त छळतो.

अर्थात, कधीकधी ते पळणंही असतं. ओळखायचं कसं? काम बाजूला ठेवताना पुढचं पाऊल सांगता येतं का, ते बघा. येत असेल तर कॅनव्हासच्या मागे चिठ्ठी लावा: तारीख, शेवटचा थर, पुढे काय. मात्र कित्येक आठवडे कशालाच हात लावावासा वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर दोष ऋतूला देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

पुढच्या भेटीत कळलं, अकरापैकी आठ चित्रांना चिठ्ठ्या लागल्या होत्या. एकीवर होतं, ‘आकाशाला आता हात लावायचा नाही.’ उरलेल्या तीन चित्रांसाठी लिहायला काही सुचेना. त्यांचे कॅनव्हास बाईंनी स्वतःच उतरवले आणि लाकडी चौकटी तेवढ्या ठेवल्या.