जैन धर्मात देव मोक्ष देत नाही, मग तो मिळतो कसा आणि पूजा कशासाठी?

मोक्ष कोणी देत नाही. कर्मं पूर्ण झडली की जिवाची जी अवस्था उरते तोच मोक्ष. सिद्ध झालेला, म्हणजे मोक्ष मिळालेला जीव नवसाने प्रसन्न होत नाही आणि कोपतही नाही. पूजा करायची ती त्याचे गुण आपल्यात यावेत म्हणून. मांगी-तुंगी किंवा कुंथलगिरीला सिद्धक्षेत्र म्हणतात तेही तिथून मुनी मोक्षाला गेले म्हणून. दर्शनाने मोक्ष पदरात पडतो म्हणून नव्हे.

जैन दर्शनात कर्म म्हणजे नुसता पापपुण्याचा हिशेब नाही. ते पुद्गल म्हणजे भौतिक द्रव्य आहे, अतिसूक्ष्म पण जडच. क्रोध, मान (गर्व), माया (कपट), लोभ या कषायांमुळे म्हणजे विकारांमुळे ते जिवाला चिकटतं. त्यामुळे काम दुहेरी असतं: नवीन कर्म रोखायचं (संवर) आणि साठलेलं झाडायचं (निर्जरा). निर्जरेसाठी तप १२ प्रकारचं, ६ बाह्य आणि ६ अंतरंग. बरेच जण उपवासावरच थांबतात. पण तो बाह्य तपातला फक्त एक प्रकार. प्रायश्चित्त, विनय, स्वाध्याय, ध्यान ही अंतरंग तपं. शिवाय आठ दिवसांच्या उपवासाचा गर्व झाला तर तो मानकषायच, म्हणजे पुन्हा नवा कर्मबंध.

मोक्षाच्या वाटेवर १४ गुणस्थानं, म्हणजे जिवाच्या प्रगतीच्या पायऱ्या आहेत. पहिलं मिथ्यात्व (चुकीची श्रद्धा). चौथ्यावर सम्यग्दर्शन (योग्य श्रद्धा) असतं पण व्रत नसतं, पाचव्यावर अणुव्रती म्हणजे मर्यादित व्रतं पाळणारा श्रावक (गृहस्थ), सहाव्यावर महाव्रती म्हणजे तीच व्रतं पूर्णपणे पाळणारा साधू. आठव्यापासून वाट दुभंगते, आणि माझ्या मते सगळ्या मांडणीचं मर्म इथेच आहे. मोहनीय कर्म (श्रद्धा आणि आचरण बिघडवणारं) दाबत जाणारा उपशमश्रेणीने चढतो, मुळातून संपवणारा क्षपकश्रेणीने. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. भांडं हललं की पाणी पुन्हा गढूळ. उपशमवाल्याचं तसंच होतं. तो अकराव्यापर्यंत पोहोचतो आणि तिथून घसरतोच, कधी थेट पहिल्यापर्यंतही. क्षपक मात्र दहाव्यावरून सरळ बाराव्यावर जातो. तिथे ज्ञानावरणीय (ज्ञान झाकणारं), दर्शनावरणीय (दर्शन झाकणारं) आणि अंतराय (अडथळा आणणारं) ही कर्मं गळतात आणि तेराव्यावर केवलज्ञान म्हणजे संपूर्ण ज्ञान होतं.

तरीही देह राहतो, कारण वेदनीय (सुखदुःख देणारं), आयु (आयुष्य ठरवणारं), नाम (देह घडवणारं) आणि गोत्र (कुळ ठरवणारं) ही चार अघाती, म्हणजे जिवाच्या मूळ गुणांचा घात न करणारी कर्मं शिल्लक असतात. चौदाव्यावर मन, वचन, काया यांची हालचाल थांबते. ही अवस्था टिकते अ, इ, उ, ऋ, लृ हे पाच ऱ्हस्व स्वर उच्चारायला लागतो तेवढाच वेळ. मग जीव एका समयात (काळाच्या सर्वात लहान अंशात) लोकाच्या म्हणजे विश्वाच्या माथ्यावर जातो. त्यापुढे गतीला साहाय्य करणारं धर्मद्रव्यच नाही, म्हणून तिथेच थांबतो. अद्वैतासारखं कशात विलीन होणं इथे नाही; प्रत्येक सिद्ध वेगळाच राहतो.

हे सगळं फक्त मनुष्यजन्मातच शक्य आहे, स्वर्गातल्या देवालाही त्यासाठी माणूस व्हावं लागतं. त्यातही सध्याच्या पंचमकाळात (कालचक्रातल्या पडत्या पाचव्या काळात) भरतक्षेत्रातून, म्हणजे आपण राहतो त्या भूभागातून मोक्ष नाही. महावीरांच्या परंपरेतले जंबूस्वामी हे इथून मोक्षाला गेलेले शेवटचे. स्त्रीदेहातून मोक्ष मिळतो का, यावर मात्र दोन्ही पंथांचं जुळत नाही. दिगंबर नाही म्हणतात, तर श्वेतांबर हो म्हणतात आणि एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ स्त्री होते असं मानतात.