चाल उचलणे, चोरणे आणि लाटणे

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील बायकांकडून शिकलेले एक पारंपरिक गाणे आणि त्यावर एका भगिनींच्या महिला मंडळाने बसवलेला नाच दुसऱ्या एका मंडळाने गणेशोत्सवात स्वतःची निर्मिती म्हणून सादर केला. अशा वेळी ‘चाल उचलली’ म्हणावे की ‘चोरली’, आणि ‘अप्रोप्रिएशन’ला, म्हणजे दुसऱ्या समाजाची कला आपली म्हणून वापरण्याला, मराठीत कोणता शब्द योजावा, असा प्रश्न त्यांनी विचारला आहे.

‘उचलणे’ हे क्रियापद वाटते तितके दोषी नाही. ऊसतोडणी कामगार हंगामाआधी मुकादमाकडून घेतो ती ‘उचल’ राजरोस असते आणि मजुरीतून फिटते. ‘उचलेगिरी’त मात्र फेडण्याचा प्रश्नच नसतो. चालीच्या बाबतीतही हे दोन्ही अर्थ नांदतात. जुन्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले आढळतात, आणि भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्यांत आजही चित्रपटगीताचा तसाच निर्देश असतो. १९११ सालच्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी उत्तर भारतातील पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा आधार घेतला, तरी त्याला चोरी म्हटले जात नाही. ‘अमुक गाण्याच्या चालीवर’ या प्रयोगातील ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय मला फार सूचक वाटते, कारण नवे पद जुन्या चालीवर उभे राहते आणि खालची चाल झाकली जात नाही.

‘चोरणे’ म्हणायचे तर वस्तूला धनी हवा. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियमानुसार संगीतकृतीचे हक्क कर्त्याच्या हयातीत व निधनानंतर ६० वर्षे टिकतात. पिढ्यान्‌पिढ्या कोळीवाड्यात गायिल्या जाणाऱ्या चालीला असा एक कर्ता दाखवता येत नाही. नाचाची अडचण वेगळी आहे. या अधिनियमात नृत्यरचना नाट्यकृतीच्या व्याख्येत येते, पण तिची मांडणी लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली असावी लागते. आपण ‘नाच बसवला’ म्हणतो तेव्हा तो नाचणाऱ्यांच्या अंगात बसलेला असतो. कायद्याला तो कागदावर किंवा चित्रफितीवरही बसलेला हवा. ‘प्रताधिकार’ हा शब्द, त्यातील ‘प्रत’ लक्षात घेता, येथे ‘स्वामित्वहक्का’पेक्षा नेमका वाटतो, कारण ज्याची प्रत नाही त्याच्या प्रतीवर हक्क सांगणे कठीण. आपल्या मंडळाने तालमीचे चित्रण करून ठेवले असेल, तर नाचाच्या नव्या मांडणीपुरते ‘चोरली’ म्हणायला जागा आहे. गाण्याबाबत ती जवळपास नाही.

‘अप्रोप्रिएशन’साठी ‘सांस्कृतिक अपहार’ असा प्रतिशब्द वाचनात येतो. मला तो फारसा रुचत नाही. ‘अपहार’ म्हटले की पतपेढीच्या तिजोरीतील रक्कम आठवते, आणि रक्कम नेली की मागे उरत नाही. गाणे तर नेल्यावरही कोळीवाड्यात उरतेच. ‘आत्मसात करणे’ याच्या उलट टोकाचे आहे, कारण त्यात घेणाऱ्याचे कौतुकच अधिक. मला ‘लाटणे’ योग्य वाटते. जमीन लाटतात, वारसाहक्क लाटतात, श्रेय लाटतात. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या वाट्याचे काहीतरी, बहुधा वजन वापरून, आपल्या नावावर केलेले असते. उचलण्याचा संबंध कृतीशी आहे, तर लाटण्याचा संबंध त्या कृतीवरील नावाशी. भाषणात किंवा अर्जात ‘लाटणे’ रांगडे वाटले, तर ‘श्रेयापहार’ असा समास करता येईल, पण बोलण्यात तो रुळेल असे मला वाटत नाही.

तेव्हा आपल्या तक्रारीत ‘गाणे चोरले’ असे न लिहिता ‘कोळीवाड्याचे श्रेय लाटले’ असे लिहावे. याच न्यायाने आपल्याही कार्यक्रमपत्रिकेत गाण्याखाली ‘चाल : पारंपरिक, चेंदणी कोळीवाडा’ अशी नोंद हवी, आणि ज्यांच्याकडून शिकलात त्यांची संमती असल्यास त्यांची नावेही. तेथे ‘पारंपारिक’ असे मात्र छापू नये. ‘परंपरा’ला ‘इक’ लागला की पहिल्या ‘प’चा ‘पा’ होतो, ‘प’नंतरच्या ‘रं’मध्ये किंवा त्यापुढील ‘प’मध्ये काही बदल होत नाही.