निदान एवढं तरी

प्रिय पोरी,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी चष्मा लावून दोनदा वाचला. तुझा सव्वादोन वर्षांचा लेक वाढीत मागे आहे, आणि त्यावर तीन डॉक्टर, तीन मतं. एक म्हणाले, सहा महिने थांबू. दुसऱ्या म्हणाल्या, स्वमग्नतेची (ऑटिझमची) काही लक्षणं दिसतात, पण इतक्यात शिक्का नको. तिसऱ्यांनी तपासण्यांची यादी हातात ठेवली. आणि शेवटी तुझं ते वाक्य: "मावशी, एकदा कळू दे नक्की काय आहे, मग मी काहीही करीन."

अगदी हेच मीही बोलले होते. माझा लेक आता २४ वर्षांचा आहे आणि त्याला नक्की काय आहे ते अजून कळलेलं नाही.

घाबरवायला सांगत नाही. आपल्या भाषेत डॉक्टर करतात तेही निदान, आणि "निदान तोंड तरी धू" यातलंही निदानच. पहिल्याच्या मागे धावताना मी दुसरं विसरले, चांगलं सव्वा वर्ष. त्या काळात मी फाइल फुगवत राहिले. घरात त्याच्याशी काय खेळायचं, कसं बोलायचं, हे कुणाला विचारलंच नाही. आजार कळल्याशिवाय उपाय कसा सुरू करणार, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. पण ज्या मुलाला बोट दाखवून काही मागता येत नाही, त्याला ते शिकवायची रीत बरीचशी सारखीच असते, मग कारण जनुकातलं असो, जन्माच्या वेळचं असो, नाहीतर कधीच न सापडणारं असो. त्यासाठी नाव लागत नाही.

तुझ्या कागदावर "ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले" असं लिहिलंय, ते कारण समजू नकोस. पाच वर्षांखालचं मूल हालचाल, बोलणं, समज, लोकांत मिसळणं यांतल्या दोन किंवा अधिक बाबतींत बरंच मागे असलं की हे शब्द लिहितात. ते मागे का आहे, याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. आणि ती २० प्रश्नांची प्रश्नावली, जी भरून तू रात्रभर रडलीस, ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची स्वमग्नतेची चाळणी आहे. पुढे नीट बघायला हवं का, एवढंच ती सांगते.

मग तपासण्या करायच्याच नाहीत का? करायच्या, पण क्रम लावून. ज्यावर इलाज आहे ते आधी: कान, डोळे, थायरॉइड, रक्तातलं लोह. जनुकांच्या तपासण्या, मायक्रोअ‍ॅरे आणि एक्झोम, यांना वेळ लागतो आणि रिपोर्ट कोरा येऊ शकतो. आमचे दोन्ही कोरे आले. डोक्याचा एमआरआय सरसकट लागतोच असं नाही, आणि लहान मुलाला त्यासाठी बहुतेक वेळा झोपेचं औषध देतात, म्हणून "यातून काय कळेल आणि कळल्यावर काय बदलेल?" हे डॉक्टरांना विचारायला लाजू नकोस. चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत. एका बाबतीत मात्र एक दिवससुद्धा थांबू नकोस. येत असलेले शब्द गेले, चालणं बिघडलं, किंवा मूल मधेच टक लावून हरवल्यासारखं होऊ लागलं, तर लगेच डॉक्टर गाठ.

आता कानांचं, कारण इथे मी चुकले. "त्याला ऐकू येतं, भांडं पडलं की दचकतो," असं मी सगळ्यांना ठासून सांगायचे. डॉक्टरांनीही ते ऐकून मान डोलावली आणि मुलगे उशिराच बोलतात म्हणून घरी पाठवलं. भांड्याचा आवाज मोठा असतो गं. स, श, फ ही अक्षरं किती बारीक असतात ते कधी नीट ऐकून बघ. काही मुलांना ढोबळ आवाज कळतात आणि बोलण्यातला हा बारीक भाग निसटतो. माझ्या लेकाच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलेलं होतं. सर्दी झाली की वाढायचं, ओसरली की कमी व्हायचं, म्हणून काही दिवस तो हाकेला वळायचा, काही दिवस नाही. आम्ही त्याला हट्टी ठरवलं. ते कळलं तेव्हा तो तीन वर्षांचा होऊन गेला होता. पाणी गेल्यावर तो भराभर बोलू लागला, असं मी लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. वळायला लागला, गाण्यावर डुलायला लागला, बोलणं मागेच राहिलं. पण निदान ऐकून मागे राहिलं.

तुझ्या नोंदी वाचल्या. "ऐकत नाही, बघत नाही, खेळत नाही." सगळे नकार. एक वही घे आणि त्यात तो काय करतो तेवढंच लिही. "खेळत नाही" ऐवजी "गाडी उलटी करून चाक फिरवत बसतो, मी दुसरं चाक फिरवलं तेव्हा एकदा माझ्या हाताकडे बघितलं." या एका ओळीतून थेरपिस्टला सुरुवात कुठून करायची ते कळतं. "खेळत नाही" यातून तिला काय मिळणार? फोनवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओही घेऊन ठेव, साध्या दिवसाचे. डॉक्टरांच्या खोलीत मुलं एकतर किंचाळतात नाहीतर दगड होतात, घरचं मूल तिथे दिसतच नाही. तो हरवल्यासारखा होतो म्हणतेस, ते तर टिपच, आणि वर म्हटलं तसं न थांबता डॉक्टरांना दाखव. तुझ्या वर्णनापेक्षा त्या अर्ध्या मिनिटाचा उपयोग मोठा.

त्या वहीत दुसऱ्या कुणाच्या मुलाचं नाव येता कामा नये, तुलना नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच देशांतल्या धडधाकट मुलांचा अभ्यास छापला, त्यात आधाराशिवाय चालण्याचं वय साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं होतं. आणि तुझा जन्मला साडेसात महिन्यांचा. दोन वर्षांपर्यंत त्याचं वय जन्मतारखेवरून न मोजता, जन्माच्या ठरलेल्या तारखेवरून मोजायचं होतं, हे कुणी सांगितलं होतं का तुला? आता तो सव्वादोनचा आहे, आता ही सवलत संपली. थांबू या म्हणणाऱ्या डॉक्टरांचं म्हणूनच मला पटत नाही.

थेरपी आठवड्याला एक तास मिळते म्हणून तू हळहळतेस. सव्वादोन वर्षांचं मूल आठवड्यात ८० तासांच्या आसपास जागं असतं. उरलेले ७९ तुझ्याकडे आहेत, आणि लगेच दचकू नकोस, त्यात शाळा भरवायची नाही. मी भरवली होती. "हे काय? ते काय? सांग ना, सांग!" बिचारा मला बघून तोंड फिरवायचा. एका थेरपिस्टने मला सरळ सांगितलं, प्रश्न बंद करा आणि वाट बघा. आंघोळीला पाणी ओतताना तांब्या वर धरायचा, थांबायचं, मनात दहा मोजायचे. त्याने नुसतं बघितलं, हात हलवला, "अं" केलं, तरी ते मागणं समजून पाणी ओतायचं आणि आपण म्हणायचं "पाणी". दहा आकडे मोजून बघ, किती लांब असतात ते कळेल. आपण तीनवरच तोंड उघडतो.

त्याला खुणा शिकवल्या, चित्रं दाखवली तर तो बोलायला आळशी होईल, असं तुला सांगणारे भेटतील. तसं होत नाही. मागण्याचा एक रस्ता सापडला की आदळआपट कमी होते, आणि काही मुलांना शब्द त्याच रस्त्याने मिळतात. घरात दोन भाषा आहेत म्हणून एक सोडा, असंही सांगतील. सोडू नकोस. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, आणि ज्या भाषेत तुला त्याला मनापासून लाडावता येतं तीच तोडून काय साधणार?

हमखास गुण येईल म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. हमखास हा शब्द ऐकला की मी उठून येते. शरीरातले जड धातू काढतो म्हणून चिलेशन करणारे असतात; २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा त्याच उपचारात दगावला. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, विकणारेही भेटतील, त्यांच्यापासूनही लांब.

आणि गरोदरपणात तू काम सोडलं नाहीस म्हणून असं झालं, हे जे कुणी म्हणालं, त्याचं नाव तू लिहिलं नाहीस तरी मला कळलं. आयांवर ढकलायची खोड जुनी आहे. १९५० च्या दशकात मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणायचे की आईच्या मायेत ऊब नसली की मूल स्वमग्न होतं. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने ते खोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता आणि त्या मुलाची आई त्याने रोज घरात बघितलेली होती. शिकल्यासवरल्यांना एवढी वर्षं लागली, तुझ्या नातेवाइकांना थोडी जास्त लागतील.

नवरा "होईल सगळं नीट" म्हणून विषय बदलतो म्हणतेस. त्याच्याशी वाद घालू नकोस. पुढच्या थेरपीला त्याला एकट्याला पाठव, तू घरी झोप. आमच्याकडे हे मला फार उशिरा सुचलं. परत आल्यावर लेकाचे बाबा बराच वेळ गाडीतच बसून राहिले होते, आणि रात्री त्यांनीच तांब्या वर धरून दहा मोजले.

लेक कसा आहे म्हणून विचारलंस. मोजकं बोलतो. कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा सरळ घालतो आणि माझ्या घातलेल्या मोडून पुन्हा घालतो. एकटा राहू शकेल का, याची काळजी मला आजही रात्री दोनला जाग आणते. त्याबद्दल तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

बेरा टेस्टची, म्हणजे कानांच्या तपासणीची, तारीख मिळाली की कळव. ती झोपेत करतात, म्हणून त्या दिवशी त्याला लवकर उठव आणि जाताना गाडीत डुलकी लागू देऊ नकोस, मागच्या सीटवर शेजारी बसून गाणी म्हण. आदल्या दिवशी डोकं धू, तेल लावू नकोस, तारा चिकटत नाहीत. त्याची रोजची चादर बरोबर घे. आमच्या वेळी ती घरी राहिली आणि तीन तास कुणीच झोपलं नाही.

तुझी,
मावशी