गाळ्याचं डिपॉझिट

प्रिय बाबू,

आशीर्वाद. दारव्हा रोडवरच्या गाळ्याचा सौदा फिसकटल्याचं कळलं. भाडेकरूने दिलेल्या पन्नास हजारांच्या डिपॉझिटपैकी किती ठेवून घेता येतील, असं विचारतोस. हिशेब उलट्या बाजूने मांड. आधी सगळे पैसे त्याचे धर, मग त्यातले तुझे किती ते पावतीनिशी दाखव.

बियाण्याचा परवाना अडकला म्हणून त्याने माघार घेतली. मान्य. पण किल्ली घेतली नाही, शटर एकदाही उघडलं नाही. डिपॉझिट थकलेल्या भाड्यासाठी, वीजबिलासाठी, मोडतोडीसाठी असतं. इसार म्हणून लिहून घेतलं असतं तर बोलायला थोडी जागा होती.

करारातलं ‘डिपॉझिट जप्त’ हे वाक्य दाखवून तुला कोणीतरी चढवलेलं दिसतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वाच. आकडा लिहिलेला असला तरी भरपाई वाजवी तेवढीच, आकडा ही फक्त वरची हद्द. तहसीलसमोर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. हे कलम न वाचता भांडणारेच जास्त पाहिले.

खरं नुकसान कापायला मात्र संकोचू नको. मृगाच्या तोंडावर गाळा अडकून पडला, त्या महिन्याचं भाडं घे. पण ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी लावायला तूच उशीर केला असशील, तर पुढच्या महिन्याचं मागू नको. नुकसान आवरायला तू काय केलंस, हेही पाहिलं जातं. रॅकचं म्हणशील तर त्याच्या सांगण्यावरून वेल्डरकडून ठोकून घेतलेस खरे, पण ते राहिले तुझ्याच भिंतीला. पुढचा दुकानदार वापरणार असेल तर सगळा खर्च याच्या माथी मारणं मला पटत नाही.

हिशेब एका कागदावर लिहून पावत्यांच्या झेरॉक्स जोड. पैसे खात्यावरच टाक. वीस हजार किंवा त्यावरची ठेव रोखीने परत करायला आयकर कायद्याची मनाई आहे. करार रद्द झाला आणि रक्कम पोचली, असं लिहून रेव्हेन्यू स्टँपवर त्याची सही घे.

नवा भाडेकरू डिपॉझिट देईल तेव्हा याचं फेडू, असं करू नको. त्याचं भांडवल तुझ्याकडे अडकलंय आणि पेरणीच्या दिवसांत उसनं कोण देतं? ‘आज देतो, मंग देतो’ करत बसलास तर कोर्टाआधी पानठेल्यावर निकाल लागेल, आणि तुझा पुढचा भाडेकरू चौकशीला तिथेच जाणार.

नव्या करारात ताब्याआधी माघार घेतली तर किती कापायचं, ते स्पष्ट लिही. सही करण्याआधी मसुदा मला दाखव.

तुझा,
काका